पखालीचीही तपासणी व्हावी

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाणी वाहणारा रेडा आजारी पडला असता त्याला बाजूला ठेवून त्याच्या पाठीवरच्या कातडी पखालीला औषध चोपडणाऱ्या शहाण्याची ही थट्टा आहे, आणि ती रास्त आहे. परंतु कष्टाने शरीर दुखावलेल्या माणसाचा विचार करू लागलो म्हणजे ही म्हण एकदा उलट बाजूनेही पाहावी असे मला वाटते. आज रेड्याला औषध मिळते. त्याच्या पाठीला शेक मिळतो, पट्टा मिळतो, दहा व्यायामांचा कागद मिळतो. मात्र त्या पाठीवर लादलेली पखाल किती जड होती, दिवसातून तिच्या किती खेपा होत होत्या, आणि रेडा बरा झाल्यावर तीच पखाल तितकीच भरून त्याच पाठीवर चढणार आहे की काय, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मग महिन्या-दीड महिन्याने तोच रेडा पुन्हा दारात उभा राहिला तर दोष कोणाचा? औषधाचा, रेड्याचा, की न तपासलेल्या पखालीचा?

भौतिकोपचारात, म्हणजे आपण सर्वजण ज्याला फिजिओथेरपी म्हणतो त्या उपचारात, रोग्याच्या कामाची दखल का व कशी घ्यावी, हा माझा विषय आहे. मी त्या शास्त्राचा पदवीधर नव्हे. संघटनेच्या कचेरीत पगाराची तक्रार घेऊन येणारा माणूस बाकावरून उठताना कमरेला हात लावतो, हे पाहत पाहत मी या विषयाकडे आलो. तेव्हा शास्त्र मला जेवढे नीट समजले तेवढेच सांगेन. कामाची बाजू मात्र जरा विस्ताराने सांगेन, कारण ती बाजू दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही हीच मुख्य तक्रार आहे.

एक जुना प्रश्न

रोग्याला त्याचे काम विचारावे, ही कल्पना नवी नाही. इटलीतील मोदेना येथे बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. १७०० साली त्याने कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्याने रोग्याला कोणकोणते प्रश्न विचारावेत हे ग्रीक आचार्य हिपॉक्रेटिस याच्या परंपरेने सांगितलेले होतेच. रामाझ्झिनीने त्यांत एका प्रश्नाची भर घातली: तुझा धंदा कोणता? तो स्वतः कामाच्या जागी जाऊन पाही. सतत बसून लिहिणाऱ्या लेखनिकांच्या हाताला होणारा शीणही त्याच्या नजरेतून सुटला नाही.

आपल्या देशात तर या शास्त्राचा पाळणा गिरणगावातच हलला. परळच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. भौतिकोपचाराची शाळा मुंबईत १९५३ साली निघाली. तिला तातडीचे कारण पोलिओचे होते, हे खरे. पण तेथून हाकेच्या अंतरावर गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि पाळीवरून सुटलेला कामगार त्याच रुग्णालयाची पायरी चढत होता. त्यामुळे कामाचा प्रश्न या शास्त्राला परका म्हणता येणार नाही.

असे असूनही आज दवाखान्याच्या केस पेपरावर काय आढळते? 'व्यवसाय' या शब्दापुढे एक लहानशी रेघ असते आणि तीवर लिहिलेले असते: नोकरी. किंवा मजुरी. किंवा गृहिणी. हे शब्द खोटे नाहीत, पण त्यांतून शरीराला काय करावे लागते हे काडीमात्र कळत नाही. 'नोकरी' करणारा एक माणूस आठ तास संगणकापुढे मान पुढे काढून बसतो, दुसरा यंत्राच्या पट्ट्यापाशी आठ तास उभा राहतो, तिसरा रात्रभर मालमोटार चालवतो. तिघांचीही कंबर दुखते. तिघांनाही तोच शेक, तोच 'करंट' आणि तोच व्यायामाचा छापील कागद मिळत असेल, तर तो उपचार माणसावर नव्हे, नुसत्या कमरेवर झाला असे म्हणावे लागेल. आणि 'गृहिणी' या शब्दाआड तर कितीतरी कामे लपतात. दिवसाला शेकडो विड्या वळणारी बाई, चार घरची धुणीभांडी करणारी बाई आणि जिन्यावरून पाण्याच्या कळशा चढवणारी बाई, या सर्व त्या रेघेवर गृहिणीच असतात.

काम शरीराला कसे दुखवते

कामापासून होणारी इजा म्हणजे अपघात, एवढेच आपल्या मनात असते. बोट कापले, पाय मोडला, तर ते सर्वांना दिसते. पण स्नायू, सांधे, मणके आणि नसा यांची झीज थेंबाथेंबाने होते. तिची कारणे मुख्यतः पाच: ओझे, अवघडलेली बैठक, तीच ती हालचाल, हादरे, आणि या सर्वांच्या जोडीला विसाव्याचा अभाव. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१० साली व्यवसायजन्य रोगांची जी सुधारलेली यादी मान्य केली, तीत मनगटातील नस दबणे, अंगठ्याकडील स्नायुबंधांना सूज येणे, दीर्घकाळ गुडघे टेकून किंवा उकिडवे बसून काम केल्याने गुडघ्यातील गादीला इजा होणे, ही दुखणी स्पष्टपणे नोंदवलेली आहेत.

ओझ्याचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या सरकारी संशोधन संस्थेने १९९१ साली एक सूत्र सुधारून मांडले. दोन्ही हातांनी वस्तू उचलायची असेल तर अगदी सोयीच्या परिस्थितीतही शिफारस केलेली कमाल मर्यादा २३ किलो आहे. सोयीची परिस्थिती म्हणजे वस्तू शरीरालगत, उंची साधारण कमरेच्या खाली लोंबत्या हाताच्या बोटांइतकी, अंगाला पीळ नाही, पकड चांगली आणि खेपा थोड्या. यांतील एकेक सोय गेली की मर्यादा खाली येते. वस्तू घोट्यांपासून २५ सेंटिमीटरवर असेल तर पूर्ण २३ किलो. तीच ५० सेंटिमीटरवर गेली तर मर्यादा निम्मी, म्हणजे साडेअकरा किलो. वजन बदलले नाही, माणूस बदलला नाही; मध्ये एक टोपले किंवा कठडा आला आणि हात लांब करावा लागला, एवढ्याने हिशेब बदलला. हे सूत्र उचलण्यापुरते आहे, पाठीवरून वा डोक्यावरून वाहून नेण्याला ते लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. पण त्यातून मिळणारा धडा सर्वत्र उपयोगी आहे: 'किती वजन उचलता?' एवढे विचारून भागत नाही. कुठून, कुठवर, किती वेळा आणि कोणत्या अवस्थेत, हे विचारावे लागते.

हमालाच्या बाबतीत पाहा. पोते पाठीवर एकदा नीट बसले की तो चालत जातो, ते पाहणाऱ्याला भयंकर वाटते. पण त्याला विचारले तर तो सांगेल की कळ येते ती खाली वाकून पोते सारताना, मालमोटारीच्या फळीवरून उतरताना तोल सांभाळताना, किंवा थप्पी उंच गेल्यावर शेवटची दोन पोती वर फेकताना. उपचार करणाराला हा क्षण कळला नाही तर तो कोणता स्नायू बळकट करणार आणि कोणती हालचाल शिकवणार?

विश्रांतीचा सल्ला

कामाने दुखते, तर काम बंद करा, हा सल्ला वरवर सरळ वाटतो. पण तो दोन कारणांनी अपुरा आहे. पहिले कारण शास्त्राचे. साध्या कंबरदुखीला पडून राहण्याने गुण येतो ही समजूत आता मागे पडली आहे. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत काही रोग्यांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहण्यास सांगितले होते. गुण सारखाच आला. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस मात्र ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या नोकरांवर झालेल्या पाहणीत, सोसेल तेवढे नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे लोक अंथरुणावर पडणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. म्हणजे शरीराला हालचाल हवी असते. अतिरेक नको असतो. काम हे केवळ रोगाचे कारण नव्हे, नीट बेतले तर ते औषधाचाही भाग होऊ शकते.

दुसरे कारण पोटाचे. रोजंदारीच्या माणसाला 'तीन आठवडे जड काम करू नका' असे सांगणे म्हणजे तीन आठवडे चूल पेटवू नका असे सांगणे आहे. तो मान डोलावतो, बाहेर पडतो आणि दुसऱ्या दिवशी ठिय्यावर उभा राहतो. पुढच्या खेपेस त्याला विचारले की विश्रांती घेतली का, तर तो 'घेतली' म्हणतो. येथे रोगी खोटे बोलला असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याला पाळता येणार नाही असा सल्ला देऊन आपणच त्याला खोटे बोलायला लावले. कागदावर 'हलके काम द्यावे' असे लिहून दिले तरी पुष्कळदा तोच परिणाम होतो. हलके म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला माहीत नसते आणि वाचणाऱ्या मुकादमाला ते ठरवायचे नसते. 'आमच्याकडे हलके काम नाही, बरा झालास की ये,' असे तो म्हणतो, आणि उपचाराची चिठ्ठी हीच कामावरून कमी होण्याची चिठ्ठी ठरते.

निळा झेंडा आणि काळा झेंडा

आम्हा युनियनवाल्यांना झेंड्यांचे वेड असतेच. पण पाठदुखीच्या शास्त्रातही झेंडे आहेत हे वाचून मला मौज वाटली. लाल झेंडा म्हणजे धोक्याची लक्षणे: हाड मोडल्याचा, गाठीचा वा जंतुसंसर्गाचा संशय, लघवीवरचा ताबा जाणे. अशा रोग्याला व्यायाम न देता ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवावे. पिवळा झेंडा न्यूझीलंडमध्ये १९९७ साली निघालेल्या एका मार्गदर्शिकेने रूढ केला: 'हललो तर मणका निखळेल' अशी भीती, निराशा, आता आपण कायमचे अपंग झालो अशी खात्री. या गोष्टी दुखणे लांबवतात. पुढे त्यांत आणखी दोन झेंडे जोडले गेले. निळा झेंडा म्हणजे कामाविषयी कामगाराच्या मनातली भावना: काम झेपत नाही, साहेब समजून घेत नाही, परत गेलो तर पुन्हा मोडेन. काळा झेंडा म्हणजे कामगाराच्या हाताबाहेरची वस्तुस्थिती: रजेचे नियम, पाळ्यांची वेळ, नुकसानभरपाईची भांडणे, कामाची गती, बदली माणूस नसणे.

हे वर्गीकरण उपयोगी आहे, पण त्यात एक खाचखळगा आहे. अमेरिकेतील बोइंग विमान कारखान्यातील ३,०२० नोकरांची पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना आपल्या कामात जवळजवळ कधीच गोडी वाटत नव्हती, त्यांनी पाठीच्या इजेची तक्रार नोंदवण्याचे प्रमाण इतरांच्या अडीच पट आढळले. यावरून 'दुखणे पाठीत नाही, मनात आहे' असा सोयीचा अर्थ काढणारे व्यवस्थापक भेटतात. परंतु कामात गोडी का नाही, हा पुढचा प्रश्न त्यांना विचारावासा वाटत नाही. दर मिनिटाला तीच हालचाल, लघवीला जायला परवानगी, चूक झाली की चारचौघांत बोलणी: या मनाच्या कल्पना नसून कारखान्यातील वस्तुस्थिती आहे. पुष्कळ निळे झेंडे जवळून पाहिले तर काळेच निघतात. उपचार करणाराने कामगाराची भीती घालवावी, हे योग्यच. पण भीतीचे कारण खरे असेल तर भीतीबरोबर ते कारणही घालवावे लागते.

एकत्र बसल्याने काय होते

याचा पुरावा आहे. कॅनडातील क्विबेक प्रांतात, शेरब्रुक भागात, पाठदुखीमुळे चार आठवड्यांहून अधिक काळ कामावर न आलेल्या कामगारांवर एक प्रयोग झाला व तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. कामगारांचे चार गट केले. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला अधिक पद्धतशीर वैद्यकीय उपचार, तिसऱ्याला कामाच्या जागी सुधारणा, आणि चौथ्याला दोन्ही. चौथा गट नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा सुमारे २.४ पट वेगाने आपल्या मूळ कामावर परतला, आणि त्यात कामाच्या जागी केलेल्या सुधारणांचा वाटा मोठा होता. या सुधारणा कशा ठरल्या? कामाच्या रचनेचा जाणकार, स्वतः तो कामगार, त्याचा पर्यवेक्षक, व्यवस्थापनाचा प्रतिनिधी आणि कामगार संघटनेचा प्रतिनिधी एकत्र बसले, त्यांनी काम प्रत्यक्ष पाहिले आणि बदल सुचवले. माझ्यासारख्याला हे वाचून किती आनंद झाला असेल हे सांगायला नको. संघटनेची खुर्ची उपचाराच्या बैठकीत मांडली गेल्याचे मी प्रथमच वाचत होतो.

दुसरा प्रयोग नेदरलँड्समधला, २०१० साली प्रसिद्ध झालेला. जुनाट कंबरदुखीचे १३४ रोगी. निम्म्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांना कामाच्या जागेतील बदल आणि क्रमाक्रमाने वाढवत नेलेला व्यायाम एकत्र. नेहमीच्या गटाला कायमचे कामावर परतायला मध्यमानाने २०८ दिवस लागले, दुसऱ्या गटाला ८८. या प्रयोगातली एक गोष्ट फार बोलकी आहे: दुखणे दोन्ही गटांत जवळपास सारखेच कमी झाले. म्हणजे दुसरा गट लवकर कामावर आला तो कळ पूर्ण थांबली म्हणून नव्हे, तर थोडी कळ असतानाही काम करता येईल असे काम त्याच्यासाठी बेतले गेले म्हणून.

इंग्लंडात २०१० सालापासून डॉक्टरांच्या दाखल्यात 'योग्य नाही' याच्या जोडीला 'अमुक बदल केल्यास कामास योग्य असू शकेल' असा पर्याय आला: हळूहळू तास वाढवणे, वेळ बदलणे, कामाचे स्वरूप बदलणे, जागेत सोय करणे. आणि १ जुलै २०२२ पासून असा दाखला देण्याचा अधिकार तेथील भौतिकोपचारतज्ज्ञांनाही मिळाला. आपल्याकडे दाखला म्हटला की मनात दोनच शब्द येतात, योग्य किंवा अयोग्य. या दोन टोकांच्या मध्ये जी जागा आहे, तीच बऱ्या होणाऱ्या माणसाची खरी जागा असते.

आपल्याकडे काय करता येईल

'हे परदेशात ठीक आहे. आमच्या दारात पन्नास रोगी बसलेले असतात,' असे कोणी म्हणेल. ती अडचण खरी आहे. म्हणून पाच-सात मिनिटांत करता येईल एवढेच मी सुचवतो.

पहिली गोष्ट, धंद्याचे नाव न विचारता दिवस विचारावा. 'सकाळी कामावर गेल्यापासून काय काय करता ते सांगा.' मग: कोणत्या कामाच्या वेळी कळ येते? सुट्टीच्या दिवशी कमी होते का? तुमच्याबरोबरच्या आणखी कोणाला असे होते का? मध्ये विसावा किती? मजुरी वेळेवर मिळते की नगावर? हा शेवटचा प्रश्न उपचाराबाहेरचा वाटेल; पण नगावर मजुरी असणारा माणूस विसावा घेणार नाही, हे जाणल्यावाचून त्याला 'दर तासाला थांबा' असे सांगणे व्यर्थ आहे.

दुसरी गोष्ट, 'करून दाखवा' म्हणावे. शब्दांत न येणारे अंग दाखवते. शिंप्याने पाय हलवून दाखवावा, विडीवालीने मांडीवर सूप घेऊन बसून दाखवावे, हमालाने रिकामी पेटी उचलून दाखवावी. आज बहुतेकांच्या खिशात फोन आहे. जेथे परवानगी असेल तेथे सोबत्याकडून कामाचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून आणायला सांगावे. कारखान्यात न जाता कारखाना पाहण्याचा हा स्वस्त मार्ग आहे.

तिसरी गोष्ट, व्यायाम कामाच्या आकाराचा असावा. ज्याला उद्या पोते उचलायचे आहे त्याला केवळ चटईवर पाय वर करायला शिकवून भागणार नाही. पाच किलोपासून आरंभ करून, ठरलेल्या उंचीवरून, ठरलेल्या खेपांनी, आठवड्याआठवड्याला वाढवत त्याचे शरीर कामाच्या जवळ न्यावे. ज्या बाईला घरी व्यायामाला वेळ नाही तिला दोन कामांच्या मध्ये उभ्याउभ्या करता येतील अशा दोनच हालचाली द्याव्यात. न होणाऱ्या दहापेक्षा होणाऱ्या दोन बऱ्या.

चौथी गोष्ट, चिठ्ठी. तीत रोगाचे नाव असण्याचे कारण नाही. काय करता येईल ते असावे. 'हलके काम द्यावे' याऐवजी असे लिहावे: 'पुढील तीन आठवडे कमरेच्या उंचीवरून १० किलोपर्यंत उचलू शकेल, जमिनीवरून उचलणे नको, एका जागी सलग एक तासापेक्षा जास्त उभे राहणे नको, अमुक तारखेस पुन्हा तपासणी.' अशी चिठ्ठी मुकादमाला समजते आणि संघटनेला तिच्यावर बोलता येते. हमालांच्या टोळीत कमाई वाटून घेण्याची चाल असते. तेथे ही चिठ्ठी टोळीच्या मुकादमाला दाखवली तर काही दिवस मोजणीचे वा थप्पी लावताना खालच्या थरांचे काम त्या गड्याला देता येते. मात्र ही चिठ्ठी रोग्याच्या संमतीखेरीज कोणाकडेही जाता कामा नये. दुखण्याची बातमी कळली की माणसाला कामावरून दूर करणारे मालक असतात, आणि कोणती गोष्ट कोणाला सांगणे सुरक्षित आहे हे त्या कामगाराइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

पाचवी गोष्ट, खरी नोंद. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या राज्य कामगार विमा योजनेत साध्या आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के आणि वर्षातून ९१ दिवसांपर्यंत आखला गेला. कामामुळे झालेल्या इजेसाठी तो सुमारे ९० टक्के आणि तात्पुरती असमर्थता टिकेल तोवर. तेव्हा 'कंबर दुखते' आणि 'अमुक दिवशी, अमुक पेटी उचलताना कंबरेत कळ आली' या दोन वाक्यांत केवळ भाषेचा फरक नाही. एका कुटुंबाच्या महिन्याच्या किराण्याचा फरक आहे. उपचार करणाराने कामगाराची बाजू घ्यावी असे मी म्हणत नाही. जे घडले ते तारीख-वारासकट लिहावे, एवढेच.

पाच रोगी की एक रोग?

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आमच्या परिचयाच्या एका कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या पाच बायकांचे अंगठे आणि मनगटे दुखत होती. पाचजणी पाच दवाखान्यांत जात होत्या, पाचजणींना पट्टे मिळाले होते आणि प्रत्येकीला वाटत होते की आपलेच हाड कच्चे. आम्ही एका कागदावर पाचही नावांपुढे हात कोणता, जागा कोणती आणि किती महिन्यांपासून, हे मांडले. पाचहीजणी खोकी मिटण्याच्या टोकाला होत्या आणि तेथील टेबल त्यांच्या छातीइतके उंच होते. पायांखाली लाकडी फळ्या आल्या, दर दोन तासांनी जागा बदलण्याचे ठरले आणि मग त्या पट्ट्यांचा व व्यायामांचा उपयोग होऊ लागला. तिघी पूर्ण बऱ्या झाल्या. एकीला मात्र काम बदलूनच घ्यावे लागले. हा कागद एखाद्या उपचारतज्ज्ञालाही करता आला असता. एकाच खात्यातून तिसरा रोगी आला की त्याने समजावे, हे तीन रोगी नव्हेत, एक रोग आहे आणि तो खात्यात आहे.

मोठ्या प्रमाणावर याचेच उदाहरण आपल्या महाराष्ट्रात घडले. पुण्यात दवाखाना चालवणारे डॉ. बाबा आढाव हमालांचे संघटक झाले आणि त्यांनी हमाल पंचायत उभी केली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला. एके काळी हमालाच्या पाठीवर शंभर किलोचे पोते चढत असे. ते पन्नास किलोवर आणण्यासाठी हमालांना दीर्घकाळ झगडावे लागले. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने कमाल ओझ्याविषयीचा करार १९६७ साली केला, त्याच्या जोडीच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सांगितली, आणि भारताने त्या कराराला २०१० साली मान्यता दिली. शंभराचे पन्नास झाल्याने जितक्या पाठी वाचल्या असतील तितक्या कोणत्याही व्यायामाने वाचल्या नसत्या. आणि तरीही मघाच्या सूत्रातला २३ चा आकडा आठवला तर पन्नास हा काही समाधानाचा मुक्काम नव्हे, हे ध्यानात येईल.

कामगारांनीही काही पथ्ये पाळली पाहिजेत. 'मशीन लावा, करंट द्या, व्यायाम नको' हा हट्ट सोडला पाहिजे. दुखणे लपवून ते मुरवू नये. आणि दवाखान्यात आपले काम सांगताना 'कंपनीत आहे' एवढ्यावर न थांबता ते नीट सांगावे. आपल्या कामाचे जाणकार आपणच आहोत. संघटनांनी पगाराच्या मागणीपत्रात टेबलाची उंची, पोत्याचे वजन आणि विसाव्याची मिनिटे ही कलमे घालावीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत, ठरवून दिलेल्या वयाच्या वा वर्गाच्या कामगारांची वार्षिक तपासणी मालकाने विनामूल्य करून द्यावी अशी तरतूद आहे. त्या तपासणीत रक्त आणि छातीबरोबर पाठ, खांदे, मनगटे आणि गुडघेही तपासले जावेत, असा आग्रह आतापासूनच धरावा.

आणि भौतिकोपचार करणाऱ्या तरुण मंडळींना माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या केस पेपरावर 'व्यवसाय' या शब्दापुढची रेघ लांब करा. तेथे तीन ओळी येऊ द्या: काम कोणते, कसे, आणि किती. या तीन ओळी लिहायला दोन मिनिटे लागतील. त्या वाचायला मात्र कोणी ना कोणी, एक दिवस, कारखान्यापर्यंत जाईलच.